एका रीडिंगवर बोअर मारू नका

पाऊस लागलाय, सड्यावर, म्हणजे आमच्या कोकणातल्या कातळाच्या पठारावर, आता गवत वाढेल, पाणी शोधायच्या सर्व्हेची कामं बंद, म्हणून कधीपासून मनात असलेलं एकदाचं लिहून काढते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गुहागर तालुक्यात शृंगारतळीच्या पुढे एका वाडीत गेले होते, बोअरसाठी जागा बघायला. वाडी सड्यावर, म्हणजे पायाखाली निव्वळ जांभा, सकाळी नऊलाच चपलेतून चटका लागत होता. घरमालक काकांनी दोन वर्षांपूर्वी अंगणात एक बोअर मारलीय, अडीचशे फूट, कोरडी ठणठणीत. कोणीतरी मशीन घेऊन आला, अंगणात एकाच ठिकाणी रीडिंग घेतलं, आकडा कमी आला म्हणून चुन्याची फुली मारली आणि 'इथे पाणी' सांगून गेला. गाडीवाल्याचे पैसे फुटावर असतात, पाणी लागो न लागो, त्यामुळे मुलाने मुंबईहून पाठवलेले पैसे त्या भोकात गेले आणि काकू अजून खालच्या विहिरीवर कळशी घेऊन जातात.

काका मला म्हणाले, "ताई, मशीन खोटं बोलतंय काय वो?"

मी म्हटलं, काका, मशीन खोटं बोलत नाही, पण 'पाणी' हा शब्द त्याला येतच नाही, त्याला फक्त आकडा येतो, पाणी आहे असं म्हणणारा माणूस असतो. चार खुंटे एका रेषेत सारख्या अंतरावर ठोकायचे, बाहेरच्या दोघांतून जमिनीत करंट सोडायचा, आतल्या दोघांमध्ये व्होल्टेज मोजायचं, अंतर वाढवत नेलं की करंट खोल जातो, त्यावरून कळतं की कुठल्या खोलीवर जमीन विजेला किती अडवतेय. सुका जांभा हजारो ओहम-मीटर (हे त्या अडवण्याचं माप) दाखवतो, घट्ट काळा कातळ शेकड्यांत, पाणी भरलेला कुजका कातळ वीस-पन्नासच्या घरात, खारं पाणी असलं तर पाचच्याही खाली. पण जांभ्याखाली जी गुलाबी-पांढरी चिकण माती असते ना, विहीर खणताना फावड्याला चिकटून बसते ती, तीसुद्धा वीस-तीसच दाखवते. ती पाणी धरून बसते, सोडत नाही. काकांच्या अंगणात २२ आला होता. तो आकडा खरा होता, अर्थ चुकला होता.

जांभ्यात खुंटा शिरत नाही, पहारीने आधी भोक पाडावं लागतं, मग त्यात मिठाचं पाणी ओतायचं म्हणजे करंट नीट जातो. काकूंनी मिठाची अख्खी पिशवी आणून दिली, पाणी मात्र अर्धी कळशी, आणि ती ठेवताना म्हणाल्या, "एवढंच आहे हां." त्यानंतर प्रत्येक भोकात मी वाटीने मोजून पाणी घातलं. दिवसभरात खुंट्यांच्या तीन लाइनी झाल्या, एक अंगणातून, एक मागच्या काजूच्या बागेतून, एक खालच्या वहाळाला, म्हणजे ओढ्याला, आडवी. काकांना वाटत होतं मी उगाच वेळ काढतेय, कारण आधीचा माणूस वीस मिनिटांत मोकळा झाला होता.

एवढा वेळ का लागतो ते सांगायचं तर मला थोडं मागे जावं लागेल, म्हणजे माझ्या धंद्यात आणि त्या धंद्यातल्या माणसांत.

हे खुंट्यांचं तंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. सारख्या अंतराची जी पद्धत मी वापरते ती फ्रँक वेनर या अमेरिकन माणसाने १९१५ मध्ये मांडली. त्याच्या थोडं आधी पॅरिसच्या खाणकाम कॉलेजात कॉनराड श्लुंबर्जे नावाचा फिजिक्स शिकवणारा माणूस तळघरात तांब्याच्या टबात वाळू भरून त्यातून वीज सोडून बघत होता, वर बसून खाली काय पुरलंय ते ओळखता येतं का म्हणून. १९१२ च्या उन्हाळ्यात त्याने ते नॉर्मंडीत घरच्या जमिनीवर करून पहिला नकाशा काढला. पुढे १९२७ मध्ये त्याच्या जावयाने, ऑन्री डॉलने, पेशेलब्रॉनच्या एका तेलविहिरीत तेच यंत्र दोरीने खाली सोडलं, थोडं वर ओढायचं, थांबायचं, रीडिंग लिहायचं, परत ओढायचं, असं करत विहिरीचा पहिला इलेक्ट्रिक लॉग, म्हणजे खोलीप्रमाणे आकड्यांची नोंद, तयार झाला. कॉनराड आणि त्याचा भाऊ मार्सेल यांची कंपनी आज जगभर आहे, २०२२ पासून नुसतं एसएलबी म्हणतात तिला. मी सड्यावर वाटीने मिठाचं पाणी घालते तेव्हा मला खरंच तो टब आठवतो, प्रश्न तोच आहे.

माझी स्वतःची सुरुवात मात्र आवाजापासून झाली. धनबादला अप्लाइड जिओफिजिक्स केलं आणि मग नऊ वर्षं सिस्मिक शिपवर, म्हणजे आवाज सोडून समुद्राखाली तेल शोधणाऱ्या जहाजावर, डेटा प्रोसेसिंगला होते, पाच आठवडे समुद्रात, पाच आठवडे घरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शिपच्या मागे सहा-आठ किलोमीटर लांबीच्या केबली असतात, एक नाही, दहा-बारा, आणि त्यात हजारो हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले कानच म्हणा. शिप चार-पाच नॉट्सने चालते आणि दर दहा-बारा सेकंदांनी एअरगनमधून दाबलेली हवा एकदम सोडते, तो आवाज समुद्रतळाखाली किलोमीटर किलोमीटर जातो, खडक बदलला की थोडा परततो, तो आपण पकडायचा. रात्रंदिवस तो धप्प आवाज शिपच्या पत्र्यातून येतो. पहिले चार दिवस झोप लागत नाही, नंतर तो थांबला तर जाग येते.

ही कला मुळात युद्धातली आहे. पहिल्या महायुद्धात शत्रूची तोफ कुठे आहे ते तिच्या आवाजावरून शोधायचं काम चाललेलं, जर्मनीत लुडगर मिंट्रॉप हा खाणीचा सर्व्हेयर ते बघत होता आणि अमेरिकेत जॉन क्लॅरेन्स कार्चर. दोघांनीही युद्धानंतर तेच डोकं जमिनीकडे वळवलं. मिंट्रॉपने १९२१ मध्ये सिस्मॉस नावाची कंपनी काढली, कार्चरने त्याच वर्षी ओक्लाहोमात सुरुंग लावून खडकाच्या थरावरून परत आलेला आवाज नोंदवून दाखवला. कार्चर आणि यूजीन मॅकडरमॉट यांनी १९३० मध्ये जिओफिजिकल सर्व्हिस इन्कॉर्पोरेटेड काढली, जीएसआय. पुढे तिचंच नाव टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स झालं. म्हणजे चिप आणि कॅल्क्युलेटरवाली ती कंपनी मुळात शेतात सुरुंग लावून तेल शोधणारी पार्टी होती, कारण बारीक आवाज पकडायचा तर चांगलं इलेक्ट्रॉनिक्स लागतं, ते करता करता इलेक्ट्रॉनिक्सच मोठं झालं.

पण सगळ्यांत माझा आवडता माणूस हॅरी मेन. टेक्सासमधल्या पेटी जिओफिजिकल कंपनीत होता. त्याची कल्पना ऐकायला फार साधी आहे. जमिनीखालचा एक बिंदू घ्या. त्या बिंदूवरून एकदाच आवाज उडवू नका. एकदा जवळून उडवा, एकदा लांबून, एकदा आणखी लांबून, प्रत्येक वेळी आवाज करणारा आणि ऐकणारा वेगळ्या जागी, पण मधला बिंदू तोच. लांबून आलेल्याला उशीर होतो, तो उशीर हिशोबाने काढून टाका, मग सगळ्यांची बेरीज करा. खडकाचा आवाज प्रत्येक वेळी त्याच जागी येतो म्हणून तो वाढत जातो, लाटांचा, इंजिनचा, वाऱ्याचा गोंधळ प्रत्येक वेळी वेगळा म्हणून तो आपसात मरतो. ६० वेळा बघितलं तर गोंधळाच्या मानाने खरा आवाज साधारण पावणेआठपट वर येतो. याला स्टॅकिंग म्हणतात. मेनचं पेटंट १९५६ चं आहे, आणि कल्पना खऱ्या अर्थाने कामाला आली ती मॅग्नेटिक टेप आल्यावर, कारण त्याआधी रेकॉर्ड कागदावर यायचं आणि कागदांची बेरीज कशी करणार.

त्याच सुमाराला एमआयटीत एंडर्स रॉबिन्सन हा तरुण विद्यार्थी कागदावरच्या त्या नागमोडी रेघा पट्टी लावून हाताने वाचत होता, एक-एक आकडा लिहीत होता, आणि तिथल्या व्हर्लविंड कॉम्प्युटरवर घालत होता. त्याला घुमणारा आवाज काढून टाकायचा होता. आमच्या गुहागरच्या व्याडेश्वराच्या गाभाऱ्यात आरती चालू असताना बाहेरून शब्द ओळखा बघू, झांजा, घंटा आणि भिंतीवरून घुमून आलेला आवाज सगळं एकावर एक. समुद्रात तसंच होतं, आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आणि तळावर आपटत राहतो आणि खालच्या खडकाचा आवाज त्यात बुडतो. नॉर्बर्ट वीनरचं गणित वापरून ते घुमणं वजा करता येतं हे रॉबिन्सनने दाखवलं, त्याला आम्ही डीकॉन म्हणतो. शिपवरच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत बारा बारा तास बसून मी नऊ वर्षं मुख्यतः हेच केलं, घुमणं काढायचं आणि बेरीज करायची.

आपल्याकडचं तेलही याच मार्गाने सापडलं. साठच्या दशकात रशियन शिप 'अकादमिक अर्खांगेल्स्की' खंबातच्या आखाताकडे सिस्मिक करत होती, त्यात मुंबईच्या पश्चिमेला दीडशे-एक किलोमीटरवर समुद्राखाली मोठा उंचवटा दिसला. तो आहे असं कळल्यापासून तिथे भोक पाडेपर्यंत बरीच वर्षं गेली, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या ड्रिलिंग रिगला तिथे तेल लागलं. बॉम्बे हाय. चुनखडीत आहे ते तेल. चिपळूणच्या शाळेत भूगोलाला हे एका ओळीत होतं, त्या ओळीच्या मागे किती रात्री कोणी केबली ओढल्या ते शिपवर गेल्यावर कळलं.

आता किनाऱ्याची बाजू, कारण मी दोन्हीकडची आहे.

एका सीझनला आम्ही मुंबईच्या दक्षिणेला होतो. रात्री दोन-अडीचला ब्रिजवरून बोलावणं आलं की रेडिओवर कोणीतरी मराठीत ओरडतंय, आमचा मच्छीमारांशी बोलणारा माणूस तापाने झोपला होता. वर गेले. रडारवर आमच्या केबलींच्या बाजूला तीन ठिपके. मी चॅनेल सोळावर विचारलं, "दादा, जाळं किती लांब सोडलंय?" पलीकडे दोन सेकंद शांत. मग, "बाय, तू कुठली?" मी म्हटलं गुहागरची. तर तो म्हणाला, "मग तुला म्हायत नाय काय, नारळी पुनवेपासून आमचा धंदा, तुमची शीप पन तेव्हाच येते."

त्याचं बरोबर होतं. पावसात अरबी समुद्रात केबल टाकता येत नाही, लाटांचा गोंधळ फार, म्हणून सर्व्हे ऑक्टोबर ते मे. जून-जुलै मासेमारी बंद, म्हणून त्यांचाही धंदा तेव्हाच. शिपला थांबता येत नाही, केबली बुडतात, आणि वळायचं म्हटलं तर पुढची लाइन धरेपर्यंत तीन तास जातात. त्या रात्री दोन बोटींनी जाळी वर घेतली, तिसऱ्याचं जाळं आमच्या केबलच्या टोकाला तरंगणाऱ्या बोयात अडकलं आणि फाटलं. भरपाईचा फॉर्म मी स्वतः मराठीत भरून दिला. पैसे मिळायला दुसरा सीझन उजाडला, ज्या कंपनीकडून ते यायचे होते तिने इतके कागद मागितले की त्या माणसाने मला फोन करून विचारलं, जाळ्याचं बिल कुठून आणू, जाळं आम्ही घरी विणतो. मला आजही याचं वाईट वाटतं. समुद्राखाली कोण काय बघतंय, कुठल्या तारखेला, कुठल्या पट्ट्यात, हे बंदरावर मराठीत महिनाभर आधी लागलं पाहिजे, आणि बोलणी मच्छीमारांच्या सोसायटीशी सीझन सुरू व्हायच्या आधी झाली पाहिजेत. हे अवघड नाहीये.

चांगलंही बघितलंय. केबलच्या शेवटच्या बोयाच्या फटीत कासवं अडकायची, म्हणून तिथे जाळीदार गार्ड लावतात, ते लावलेत की नाही हे मी दर वेळी डेकवर जाऊन बघायचे, वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना लहानपणापासून... नाही, लहानपणी नाही, ते काम २००२ पासूनचं, मी कॉलेजात होते, पण तेव्हापासून बघितलीयत. गन एकदम पूर्ण जोरात लावायच्या नाहीत, हळूहळू वाढवत न्यायच्या म्हणजे जवळ डॉल्फिन-देवमासा असेल तर त्याला लांब जायला वेळ मिळतो, आणि त्याआधी अर्धा तास कोणीतरी दुर्बीण घेऊन समुद्र बघायचा, ही शिस्त मी पाळलेली बघितलीय, आणि घाई असली की कंटाळलेले चेहरेही बघितलेत.

२०१४ च्या मध्यापर्यंत तेल शंभर डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या सुरुवातीला तीसच्या खाली आलं. तेल स्वस्त झालं की कंपन्या सगळ्यात आधी काय बंद करतात, तर नवीन शोधणं. मला सुट्टीवर असताना मेल आला, चार ओळींचा. माझ्या पाळीतल्या सहा जणांपैकी आज एकच शिपवर आहे, एक पवनचक्क्यांसाठी समुद्रतळ बघतो, एकीने बँकेत डेटा सायन्स धरलं, एकाने केरळात हॉटेल काढलंय. आणि सिस्मिक कंपन्यांची नावं बघा कशी गेली. वेस्टर्न जिओफिजिकल आणि जेको-प्रकला मिळून वेस्टर्नजेको झालं, २०१८ मध्ये त्यांच्या शिपा शिअरवॉटरकडे गेल्या. पोलार्कस २०२१ मध्ये संपली. आयन २०२२ मध्ये दिवाळखोरीत. पीजीएस, ज्यांच्या रॅमफॉर्म टायटनचा मागचा भाग ७० मीटर रुंद आहे आणि २४ केबलींचे रीळ बसतात, ती २०२४ मध्ये टीजीएसमध्ये विरून गेली. आणि सीजीजी, कॉनराड श्लुंबर्जेनेच १९३१ मध्ये उभी केलेली, तिने २०२४ मध्ये नावच बदलून व्हिरिडियन केलं. मला कंपन्यांबद्दल एवढं काही वाटत नाही, पण प्रत्येक वेळी पंधरा-वीस वर्षं रेकॉर्ड बघून डोळा तयार झालेली माणसं घरी जातात, आणि तो डोळा कुठल्या सर्व्हरवर बॅकअप करून ठेवता येत नाही.

तंत्र मात्र पुढे गेलंय, ते नाकारून चालणार नाही. केबलऐवजी आता समुद्रतळावर नोड, म्हणजे आवाज नोंदवणारे सुटे डबे, ठेवतात, जमिनीवर तळहातात मावतील असे बिनतारी नोड आलेत. आल्बेर टारांटोलाने १९८४ मध्ये लिहून ठेवलेलं, की आलेला अख्खा आवाज कॉम्प्युटरवर परत तयार करून बघा आणि जुळेपर्यंत जमिनीचं चित्र बदलत राहा, ते मोठ्या प्रमाणावर जमायला पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली, कॉम्प्युटरच पुरत नव्हते. आणि शिकायला आता शिपची गरज नाही. कोलोराडोच्या खाणकाम कॉलेजातून आलेलं सिस्मिक युनिक्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, नॉर्वेच्या इक्विनॉर या तेल कंपनीने २०१८ मध्ये व्होल्व्ह या तेलक्षेत्राचा डेटा खुला करून टाकलाय. रत्नागिरी-चिपळूणच्या कॉलेजातली मुलं विचारतात की ताई यात करिअर आहे का, त्यांना मी हेच सांगते, तेलात नोकऱ्या वर-खाली होणार, पण आधी घरच्या लॅपटॉपवर एक लाइन स्वतः प्रोसेस करून बघा, मग बोलू. पाणी आहे, भूकंप आहे, बोगदे आहेत, जमिनीखाली बघणारी माणसं लागणारच.

आणि आपल्या जमिनीखाली बघणं सगळ्यात अवघड, हे फार जणांना माहीतच नाही. दख्खनचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, लाव्हाच्या थरावर थर. त्यात आवाज इतका जोरात पळतो आणि प्रत्येक थरावर इतका आपटतो की त्याखालचं काही धड ऐकू येत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतर सत्तरच्या दशकात हैदराबादच्या एनजीआरआयने (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) कैला यांच्या नेतृत्वाखाली किनाऱ्यापासून देशावर दोन लांब सिस्मिक लाइनी केल्या. एक केळशी ते लोणी. दुसरी गुहागर ते चोरोची. माझं गाव! धनबादच्या लायब्ररीत तो पेपर हातात आला आणि नकाशावर डाव्या टोकाला 'गुहागर' दिसलं तेव्हा मी ते पान किती वेळ बघत बसले होते. कातळ पूर्वेला चारशे मीटरच्या आसपास आणि किनाऱ्याकडे दीड किलोमीटरपर्यंत जाड, आणि पृथ्वीचं कवच संपतं ते ३६ ते ४० किलोमीटरवर, हे त्या लाइनींनी सांगितलं. पुढे २०१७ मध्ये कोयनेजवळ खरंच तीन किलोमीटरचं भोक पाडलं, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास कातळ संपून थेट ग्रॅनाइट लागला, मध्ये गाळाचा खडक नाहीच. बाबांना विचारलं होतं, तर त्यांना अंधुक आठवत होतं की रस्त्याच्या कडेने वायरी टाकलेल्या होत्या आणि पोरांना हात लावू नका म्हणून ओरडायचे. त्याच वायरींचं उत्तर मी जवळजवळ तीस वर्षांनी धनबादला वाचत होते.

तर काकांचा सडा.

तीन लाइनींचा डेटा रात्री घरी बसून लावला. अंगणातल्या लाइनीत तोच कमी आकड्याचा पट्टा, बारा-पंधरा मीटरवर. काजूच्या बागेतल्या लाइनीतही तोच, त्याच खोलीवर, सपाट, चादर अंथरल्यासारखा. पाणी असं सगळीकडे एकसारखं नाही पसरत, ती चिकण मातीच. पण बागेतल्या आणि वहाळाच्या अशा दोन लाइनींत, वहाळाच्या बाजूला, काळ्या कातळातच एक उभी अरुंद पट्टी दिसत होती, दोन्हीकडे एकाच दिशेत. कातळाला तडा आहे आणि त्यात पाणी असावं. अंगणातून बघितलं असतं तर ती कधीच दिसली नसती. मी काकांना फोन करून सांगितलं की जागा घरापासून लांब पडेल, पाइप जास्त लागेल, आणि शंभर टक्के मी सांगू शकत नाही, दहात सात म्हणेन. ते म्हणाले, आधीच्याने शंभर सांगितले होते.

तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची बोअरची गाडी आली चार दिवसांनी. पोरं तमिळ बोलणारी, हिंदी कामापुरती. आधी लाल भुकटी उडाली, मग गुलाबी, मग काळी, दळलेल्या मिरीसारखी. साठ फूट, ऐंशी, शंभर, कोरडी धूळ, काकू पदर नाकाला लावून उभ्या, कोणी काही बोलेना. मी दर रॉडला मूठभर भुकटी घेऊन कागदावर ओळीने ठेवत होते. एकशे चाळीसच्या पुढे भुकटी बोटांना चिकटायला लागली. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. एकशे पासष्टला खालून आवाज बदलला, मग चिखल, मग पाणी, दीड इंच भरेल असं. काकूंनी ओंजळीत घेऊन चव बघितली आणि नुसतं मान हलवून 'गोड' म्हणाल्या.

मे महिन्याच्या वीस तारखेला मी परत गेले, न बोलावता, कारण एप्रिलचं पाणी मे मध्ये किती उरतं ते बघितल्याशिवाय माझं काम झालं असं मी मानत नाही. दोरीला नट बांधून खाली सोडला, काका दोरी धरून, मी कान लावून. एकतीस फुटांवर डुबुक आवाज आला. काकांनी दोरी वर घेतली आणि म्हणाले परत एकदा सोडूया. परत सोडली. एकतीस.